अभ्यासिकेतील दहा संगणक आणि लिनक्सची निवड

१४ ऑक्टोबर ही तारीख या दैनिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु २०२५ सालच्या १४ ऑक्टोबरला आणखी एक गोष्ट घडली आणि ती आमच्या बहुतेक कार्यकर्त्यांच्या ध्यानातही आली नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या दिवशी 'विंडोज १०' या प्रणालीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या. नाव नोंदवणाऱ्यांसाठी एका वर्षाची मुदतवाढ ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. या दोन घटनांची तुलना करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. योगायोग तेवढा सांगितला. पण या दुसऱ्या घटनेचा फटका ज्यांना बसला त्यांत अमरावतीच्या एका वस्तीतील आमची अभ्यासिकाही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या अभ्यासिकेत दहा संगणक आहेत. त्यांपैकी एकही नवा घेतलेला नाही. कोणी निवृत्त होताना दिला, कोणी मुलाला लॅपटॉप घेतल्यावर जुना आणून टाकला. आठ संगणकांची मेमरी ४ जीबी, दोघांची अवघी २ जीबी. पण याच दहा यंत्रांवर आमची मुले-मुली महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, लोकसेवा आयोगाचे प्रवेशपत्र काढतात, टंकलेखनाचा सराव करतात. ज्या घरात एक मोबाईल चार जणांत फिरतो, त्या घरातल्या मुलीसाठी ही खोली म्हणजे काय आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

दुकानदाराला बोलावले तर त्याने एका नजरेत निकाल दिला, "हे सगळे भंगारात काढा." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारणतः २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक त्या अटीत बसत नाहीत. दहा नवे संगणक म्हणजे तीन लाखांच्या पुढची गोष्ट. वर्गणी गोळा करून अभ्यासिकेचे वीजबिल भरणाऱ्या समितीने तीन लाख आणायचे कुठून? आमचे उतरलेले चेहरे पाहून दुकानदाराने दुसरा मार्ग हळूच सांगितला. "वकीलसाहेब, पाचशे रुपयात अकरा नंबर टाकून देतो. लायसनचं टेन्शन काऊन घेता?"

येथे आम्हाला आमचा काळा कोट आठवला. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम ६३-ब आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत आहे हे माहीत असून जो ती वापरतो, त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते; पण गुन्हा तो गुन्हाच. दुसऱ्याच्या हक्कासाठी रोज कोर्टात उभे राहायचे आणि संध्याकाळी चोरीच्या प्रणालीवर मुलांना शिकवायचे, हे कोणत्या नीतीत बसते? उपदेश करणे सोपे आहे, म्हणून कबुलीही देतो. आमच्या स्वतःच्या ऑफिसात कितीतरी वर्षे असाच 'क्रॅक' केलेला संगणक होता आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

जातवैधतेचे एक प्रकरण होते. मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश त्यावर अडलेला. वंशावळ, शपथपत्र, आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत, सारे आमच्या संगणकात. सुनावणीच्या आदल्या रात्री एक पेनड्राइव्ह लावला आणि एकही फाईल उघडेना. क्रॅक टाकणाऱ्याने टाकतेवेळी अँटिव्हायरस बंद केला होता. तो पुन्हा कधी सुरू झालाच नव्हता. मुलीच्या आईने मूळ कागद लोखंडी पेटीत जपून ठेवले होते म्हणून निभावले. रात्रभर बसून सगळे पुन्हा टाईप केले. त्या माउलीने आम्हाला एक शब्दही ऐकवला नाही, हेच अधिक लागले.

तेव्हा भंगार नको आणि चोरीही नको. मग उरते काय? उरते ते लिनक्स.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचा, उघडून अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला असलाच पाहिजे, ही त्यामागची भूमिका. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढे तो याच प्रकारच्या परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. या गाभ्याभोवती वेगवेगळ्या संस्थांनी आपापली पूर्ण प्रणाली बांधली. तिला 'डिस्ट्रो' म्हणतात. वकील म्हणून आम्ही कंपन्यांचे परवाने वाचतो तेव्हा 'हे करू नये, ते करू नये' अशी यादी सापडते. हा परवाना वाचला तर वाटण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली दिसते. एका पेनड्राइव्हवरून दहा संगणकांवर प्रणाली टाका, शेजारच्या गावात द्या, कायदा मोडत नाही.

कोणी म्हणेल, हे हौशी लोकांचे खेळणे आहे. तर त्यांनी जिल्हा न्यायालयात जाऊन पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-कोर्ट प्रकल्पासाठी उबुंटू लिनक्स स्वीकारले आणि न्यायाधीश, कर्मचारी व वकिलांना त्याचे प्रशिक्षण दिले. तारीख, आदेश, निकाल ज्यात नोंदले जातात ती प्रकरण-माहिती प्रणालीही मुक्त सॉफ्टवेअरवरच उभी असून ती पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात घडली. म्हणजे ज्या लिनक्सला आम्ही वकील मंडळी घाबरतो, त्यावर आमच्याच खटल्यांचे निकाल टाईप होतात.

घाबरण्याचे आमचे स्वतःचे एक जुने कारणही आहे. त्या काळी उबुंटूच्या सीडी मागणी केल्यास फुकट पोस्टाने घरी येत. ही सोय २०११ साली बंद झाली. २००६ साली, कायद्याचे शिक्षण चालू असताना, आम्ही अशी सीडी मागवली. मोठ्या ऐटीत मित्राच्या संगणकात घातली, स्क्रीनवरचा प्रश्न न वाचता 'होय' म्हटले आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाचे सारे फोटो पुसून टाकले. दोष सीडीचा नव्हता, न वाचता सही करणाऱ्याचा होता. अशिलाला आम्ही रोज सांगतो की वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. पण त्या शरमेने पुढे पंधरा-सोळा वर्षे आम्ही लिनक्सचे नाव काढले नाही.

तर यंदा अभ्यासिकेत बैठक बोलावली. अभियांत्रिकीची मुले उत्साहाने आली आणि दहा मिनिटांत भांडणे लागली. एक म्हणाला, फेडोराच हवे, त्यात सगळे नवे असते. दुसरा म्हणाला, डेबियनसारखे भक्कम दुसरे नाही. तिसऱ्याला 'काली' टाकायचे होते, कारण ते 'हॅकरवाले' असते. चौथा म्हणाला, आर्च वापरल्याशिवाय लिनक्स समजत नाही. शेकडो डिस्ट्रो आहेत, आणि प्रत्येकाला आपलाच श्रेष्ठ! आमच्या चळवळीतील गटांची आठवण झाली, दुसरे काय. असो.

अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताई हे सारे शांतपणे ऐकत होत्या. शिक्षण दहावी. सकाळी कुलूप उघडणे, हजेरीवही, रात्री दिवे बंद करणे, हे सारे त्या पाहतात. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही पोरं परीक्षा झाली का पुन्याले चालले जासान. इथं मीच राह्यनार. जे मले एकटीले सुरू करता येईन, अन् बिघडलं तर गावातल्या कोनाले विचारता येईन, तेच टाका."

आमच्या मते, नवशिक्याने लिनक्स कसे निवडावे याचे यापेक्षा चांगले उत्तर नाही. ताईंच्या या बोलण्यावरून आम्ही पाच प्रश्न काढले. ज्यांना बदल करायचा आहे त्यांनी ते आपल्यालाही विचारावेत.

पहिला प्रश्न, ही आवृत्ती किती वर्षे सांभाळली जाईल? फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने दुरुस्त्या मिळतात. जाणकारासाठी हे छान आहे, ताईंसाठी नाही. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते व तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. त्यावर बांधलेल्या 'लिनक्स मिंट'च्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या आहेत.

दुसरा, आधीची सवय किती मोडावी लागेल? मिंट हा डिस्ट्रो २००६ साली क्लेमां लफेव्र यांनी सुरू केला. त्यात खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ असते. विंडोज वापरलेल्या माणसाचा हात आपोआप योग्य जागी जातो. डब्लिनमधील दोन भावांनी सुरू केलेले 'झोरिन' हेही अशाच लोकांसाठी आहे; त्याची १८ वी आवृत्ती नेमकी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच आली. उबुंटूची मांडणी वेगळी, पण शिकण्यासारखी. 'काली' मात्र संगणकाची सुरक्षा तपासणाऱ्यांचे हत्यार आहे. ते रोजच्या वापरासाठी नाही, हे त्याचे कर्तेच सांगतात.

तिसरा, आपल्या यंत्राला ते पेलेल काय? मिंटला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असल्यास बरे. त्याची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती जुन्या यंत्रांसाठी आहे. एक मात्र लक्षात ठेवावे. फार जुने ३२-बिटचे संगणक आता बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंनी सोडून दिले आहेत. आणि खर्च करायचाच तर नव्या संगणकावर न करता जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी बसवण्यावर करावा. फरक त्याच दिवशी दिसतो.

चौथा, मराठीचे काय? येथे परिस्थिती पुष्कळ बरी आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो. सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा. 'लोहित'सारखे मुक्त फॉन्ट आहेत, ज्यांच्यावर रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील मंडळींनी काम केले. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठीत चालतात. मेनूतले काही शब्द इंग्रजीच राहतात, हे मान्य. रेमिंग्टन पद्धतीने टंकलेखन शिकलेल्यांना मात्र वेगळी जोडणी करावी लागते. ती आधी करून पाहावी, मगच पुढे जावे.

पाचवा आणि सर्वांत मोठा प्रश्न, अडले तर हाकेच्या अंतरावर कोण आहे? केंद्र सरकारच्या सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली केली आहे आणि तिच्याविषयी आम्हाला आपुलकी आहे. पण ती वापरणारा आमच्या परिसरात कोणी भेटला नाही. मिंट वापरणारे दोघे निघाले. एक पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, दुसरा मोबाईल दुरुस्त करणारा. निर्णय तेथेच झाला. झोरिन वापरणारे दोघे भेटले असते तर आज हा लेख झोरिनवर असता! डिस्ट्रो कोणता यापेक्षा सर्वांचा एकच असणे महत्त्वाचे. दहा यंत्रांवर दहा प्रणाली टाकल्या तर शिकवणारा एक आणि प्रश्न शंभर.

निवड झाल्यावरही आम्ही लगेच काही पुसले नाही. लिनक्सची एक मोठी सोय अशी की ते आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा, मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाईल उतरवावी, 'रूफस' वा 'एचर' या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी आणि संगणक त्यावरून सुरू करावा. आतील डिस्कला धक्का लागत नाही. 'एहिपस्सिको', या आणि पाहा, हे आम्ही वंदनेत रोज म्हणतो. येथे ते अक्षरशः करता येते. इंटरनेट लागते काय, आवाज येतो काय, प्रिंट निघते काय, मराठी उमटते काय, हे चार रविवार ताईंनी स्वतः तपासले. मगच सर्व फाईली दुसऱ्या डिस्कवर काढून घेतल्या, त्या उघडतात याची खात्री केली आणि प्रणाली टाकली. या वेळी स्क्रीनवरचा प्रत्येक प्रश्न आम्ही मोठ्याने वाचला.

निकाल काय? आठ संगणक व्यवस्थित चालू झाले. २ जीबीवाल्यांपैकी एक हळू चालतो. तो फक्त टंकलेखनाच्या सरावाला ठेवला. दुसऱ्याचे वायफाय लागेना, त्याला वायर जोडली. अभ्यासिकेचा जुना लेसर प्रिंटर मात्र दोन दिवस रुसून बसला. पॉलिटेक्निकच्या मुलाने तो तिसऱ्या दिवशी चालू केला. मिंटमध्ये 'टाईमशिफ्ट' नावाची सोय आहे. बिघाड झाल्यास प्रणाली आधीच्या तारखेच्या स्थितीत नेता येते. ताई ते शिकल्या. परवा एका मुलाने काहीतरी बिघडवले तर त्यांनीच दुरुस्त केले आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितले.

हे ऐकून आम्ही उत्साहाने अकोल्याला गेलो. तेथे आमचे एक जुने सहकारी डीटीपीचे दुकान चालवतात. जयंतीची पत्रके, परिषदांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, सारे त्यांच्याकडे होते. त्यांनी आम्हाला जमिनीवर आणले. "वकीलसाहेब, माह्या वीस वर्षांचं काम पेजमेकरात हाय, अन् फॉन्ट सगळे जुने. तुमच्या मिंटात हे उघडते काय?" उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागले की नाही. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत अक्षरांची सांकेतिक रचना युनिकोडपेक्षा वेगळी असते. फॉन्ट नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. जुन्या पेजमेकरच्या फाईलीही लिनक्सवर धड उघडत नाहीत.

आम्ही त्यांना लिनक्स टाका असे सांगितले नाही. सांगितले ते असे, जुना संगणक तसाच ठेवा, पण त्याचे इंटरनेट काढा. त्यावर जुनी कामे करा. प्रत्येक पत्रकाची पीडीएफ काढून ठेवा आणि मजकूर थोडा-थोडा युनिकोडमध्ये आणा. नवे काम युनिकोडमध्येच सुरू करा. कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. वऱ्हाडातील चळवळीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या पत्रकांचा, ठरावांचा, स्मरणिकांचा इतिहास अशाच दुकानांतील हार्ड डिस्कवर पडून आहे. ते यंत्र एक दिवस बंद पडेल आणि आमचा इतिहास कोणी न जाळता नाहीसा होईल. याची काळजी आम्ही करणार नाही तर कोण करणार?

आणखी काहींनी घाई करू नये. टॅलीवर हिशेब ठेवणारे, अंगठ्याचे यंत्र लावून सेवा केंद्र चालवणारे, डिजिटल सहीचा टोकन वापरणारे वकील व लेखापाल, यांनी आपले साधन लिनक्सवर चालते काय हे आधी तपासावे. आमच्या ऑफिसातही टोकनसाठी रीतसर परवान्याचा एक विंडोज संगणक ठेवला आहे. आणि लिनक्सवर काहीच धोका नाही, असाही भ्रम नको. विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस त्यावर सहसा चालत नाहीत, पण ओटीपी दुसऱ्याला सांगणाऱ्याला कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही.

आमच्या महाराष्ट्रात एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे. लाखो मुलांनी त्यातून संगणक शिकला, त्याचे श्रेय द्यावेच लागेल. पण बहुतेकांसाठी संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड, एवढेच समीकरण डोक्यात राहिले. शेजारी नव्हे, पण दूरही नव्हे अशा केरळने त्याच सुमारास 'आयटी ॲट स्कूल' हा उपक्रम हाती घेतला आणि पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. तेथे 'काइट' ही सरकारी संस्था उबुंटूवर बांधलेली शाळांची प्रणाली स्वतः तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. उलट उदाहरणही सांगतो. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ साली परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. कारणांवर वाद आहेत. पण नुसते बदलून भागत नाही, बदल पुढे चालवणारी माणसेही तयार करावी लागतात, एवढे तरी त्यातून दिसते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील ज्या विहारांत, अभ्यासिकांत, वसतिगृहांत जुने संगणक धूळ खात आहेत, त्यांनी ते भंगारात देऊ नयेत. आधी फाईलींची प्रत काढावी. एक डिस्ट्रो ठरवावा आणि शेजारच्या अभ्यासिकेने तोच घ्यावा. आणि शिकवायचे ते सर्वांत हुशार मुलाला नव्हे, तर रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाला. हुशार मुलगा नोकरीला जाईल, आणि त्याने जावेच. कुलूप उघडणारी ताई तेथेच असणार आहे.

येत्या रविवारपासून अमरावतीच्या आमच्या अभ्यासिकेत दुपारी हे काम शिकवले जाईल. येताना ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणावा. शिकवणार ताई आहेत, आम्ही फक्त खुर्च्या मांडणार आहोत. जयभीम!